प्रश्न कोणाकडे बोट दाखवतो? अपंगत्वाचा सामाजिक अभ्यास, पदव्युत्तर पातळीवर

१९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये अपंग व्यक्तींची एक मोठी सरकारी पाहणी झाली. पाहणी करणारे प्रश्नावली घेऊन घरोघरी गेले. त्यातला एक प्रश्न साधारण असा होता: ‘तुमच्यात काय बिघाड आहे, सांगाल का?’ दुसरा: ‘लोकांचं बोलणं समजायला तुम्हाला जड जातं, ते मुख्यतः ऐकण्यातल्या दोषामुळे का?’ तिसरा: ‘दीर्घ आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे तुम्हाला विशेष शाळेत जावं लागलं का?’

माइक ऑलिव्हर हे समाजशास्त्रज्ञ. वयाच्या १७व्या वर्षी पोहताना झालेल्या अपघातात त्यांची मान मोडली आणि तेव्हापासून ते व्हीलचेअर वापरत. १९९०मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे प्रश्न एकेक करून उलटवले. ‘समाजात काय बिघाड आहे, सांगाल का?’ ‘लोकांचं बोलणं समजायला जड जातं, ते त्यांना तुमच्याशी संवाद साधता येत नाही म्हणून का?’ ‘तुमच्यासारख्यांना विशेष शाळेतच पाठवायचं, असं शिक्षण खात्याचं धोरण होतं म्हणून तुम्ही तिथे गेलात का?’

ऑलिव्हर यांचं म्हणणं असं की, अशा मुलाखतीत समोर तज्ज्ञ बसलेला असतो आणि अपंग व्यक्ती एकटी असते. तासभर असे प्रश्न ऐकल्यावर तिला स्वतःलाच वाटू लागतं की सगळी अडचण आपल्यातच आहे. म्हणजे माहिती गोळा करता करता ती पाहणी माणसाच्या मनात एक समजूतही पेरून जाते.

मी हा विषय पदव्युत्तर वर्गाला शिकवते. पहिल्या तासाला हे प्रश्न फळ्यावर लिहिते आणि मोठ्याने वाचूनही दाखवते, कारण वर्गात फळा न दिसणारं कोणी असू शकतं. मूळ प्रश्न ऐकताना कोणालाच काही खटकत नाही. उलटवलेले प्रश्न ऐकले की कुजबुज सुरू होते. ‘हे जरा अति होतंय,’ असं कोणीतरी म्हणतंच. पुढची दोन वर्षं आम्ही खरं तर त्या एका प्रतिक्रियेचा माग काढत असतो: मूळ प्रश्न साधा का वाटला आणि उलटवलेला भडक का?

पाय आणि पायरी

पॉल हंट हे ब्रिटनमधल्या एका निवासी संस्थेत राहिलेले कार्यकर्ते. १९७२मध्ये त्यांनी ‘द गार्डियन’ या वर्तमानपत्रात पत्र लिहून संस्थांमध्ये कोंडल्या गेलेल्या अपंग लोकांना संघटित होण्याचं आवाहन केलं. त्यातून एक छोटी संघटना उभी राहिली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक असल्यामुळे ती ‘युपायस’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. या संघटनेने १९७६मध्ये एक पुस्तिका काढली आणि तिच्यात आजवर या अभ्यासाचा पाया ठरलेला एक भेद केला. शरीराची उणीव ही एक गोष्ट, आणि अपंगत्व ही दुसरी. पाय नसणं, डोळ्यांना न दिसणं ही शरीराची स्थिती झाली. मराठीत तिला ‘क्षती’ म्हणतात. अपंगत्व त्या क्षतीवर बाहेरून लादलं जातं: पायऱ्यांनी, छापील कागदांनी, नोकरीच्या नियमांनी, लोकांच्या नजरांनी. पाय चालत नाहीत म्हणून माणूस ग्रंथालयाबाहेर राहत नाही. दाराशी पायऱ्या आहेत म्हणून तो बाहेर राहतो, आणि पायऱ्या कोणीतरी ठरवून बांधलेल्या असतात.

हा विचार म्हणजेच ‘सामाजिक प्रारूप’. वर्गात सगळे ‘सोशल मॉडेल’च म्हणतात. १९८३मध्ये हा शब्दप्रयोग ऑलिव्हर यांनी रूढ केला. त्याच्या समोर उभं केलं जातं ते ‘वैद्यकीय प्रारूप’, ज्यात अडचण शरीरात असते आणि उपाय डॉक्टरकडे. यावर विद्यार्थ्यांची एक गैरसमजूत लगेच होते, म्हणून इथेच सांगते: सामाजिक प्रारूपाचं भांडण औषधांशी नाही. ताप आला तर औषध घ्यायचंच. भांडण या गोष्टीशी आहे की शाळा, घर, प्रवास, लग्न, मतदान, पगार असे आयुष्यातले सगळेच विषय वैद्यकीय अहवालाच्या आधारे ठरवले जातात.

हा भेद समजावायला व्हिक फिंकेलस्टाइन यांच्या कल्पित गावाइतकं चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही. फिंकेलस्टाइन मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. वर्णभेदाविरुद्ध काम केल्याबद्दल ते तुरुंगात गेले, त्यांच्यावर बंदीहुकूम निघाला आणि १९६८मध्ये ते ब्रिटनला आले. तेही व्हीलचेअर वापरत. त्यांनी १९७५मध्ये असं एक गाव कल्पिलं जिथे राहणारे, कारभार पाहणारे, घरं बांधणारे सगळेच व्हीलचेअरवर आहेत. कोणीच उभं राहत नाही, तेव्हा उंच छतं आणि उंच दारं कशाला? घरं बुटकी झाली. मग तिथे थोडी चालती माणसं राहायला आली. त्यांची डोकी चौकटींवर आपटू लागली, कपाळावर टेंगळं आली, वाकून वाकून पाठी दुखू लागल्या. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना तपासून अहवाल लिहिले. त्यांना खास शिरस्त्राणं आणि वाकून राहण्यासाठी पट्टे मिळाले. नोकऱ्या मात्र मिळेनात. मग त्यांच्यासाठी दानधर्म सुरू झाला आणि दुकानांतून उलटी शिरस्त्राणं ठेवली गेली, लोकांनी सुटे पैसे टाकावेत म्हणून. शेवटी त्या चालत्या माणसांच्या लक्षात येतं की दारं उंच केली तर यातलं काहीच लागणार नाही.

ज्या माणसाने रंगावरून वेगळी दारं आणि वेगळे बाक ठेवणारा देश पाहिला होता, त्याला दार ही राजकीय वस्तू आहे हे चटकन दिसलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

फिंकेलस्टाइन पुढे ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात शिकवत. तिथला या विषयातला पहिला अभ्यासक्रम १९७५मध्ये सुरू झाला तेव्हा त्याच्या नावात ‘समाजातील अपंग व्यक्ती’ होती. १९९४मध्ये नाव बदललं. त्या नव्या नावाचा मराठीत अर्थ होतो ‘अपंग करणारा समाज’. १९ वर्षांत अभ्यासाचा विषय माणसावरून समाजावर सरकला होता.

शब्दांची अडचण, आपल्या भाषेतली

इंग्रजीत अपंग लोकांसाठी ब्रिटिश चळवळीने ‘डिसेबल्ड पीपल’ हा जो शब्द धरून ठेवला, त्यात कर्मणी प्रयोग आहे: ‘अपंग केली गेलेली माणसं’. मराठीत ‘अपंग’ म्हटलं की तो अर्थ निसटतो, कारण आपल्याकडे ते सरळ विशेषण आहे. गोरा, उंच, अपंग. कोणी केलं, हा प्रश्नच त्या शब्दात उरत नाही. ‘विकलांग’मध्ये तर अंगच आहे. ‘दिव्यांग’ हा शब्द काहींना मनापासून आवडतो आणि ज्यांना तो स्वतःसाठी हवा त्यांनी जरूर वापरावा. पण अभ्यासाच्या दृष्टीने पाहिलं तर तोही शरीराचंच वर्णन करतो, फक्त गौरवाने. पायरी जिथल्या तिथे राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८०मध्ये एक वर्गीकरण केलं. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यातली त्रयी क्षती, अक्षमता, अपंगत्व अशी येते. त्यात एकातून दुसरं उद्भवतं अशी मांडणी होती, म्हणजे मूळ कारण शेवटी शरीरच. चळवळीने त्यावर कडक टीका केली. २००१मध्ये नवं वर्गीकरण आलं. त्यात शरीर, माणसाची कामं, समाजातला सहभाग आणि भोवतालची परिस्थिती यांच्या परस्परक्रियेचा विचार झाला. १३ डिसेंबर २००६ला संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारानेही अपंगत्व ही बदलत जाणारी संकल्पना आहे आणि ते क्षती असलेली व्यक्ती व भोवतालचे अडथळे यांच्या परस्परसंबंधातून निर्माण होतं, असं म्हटलं. पदव्युत्तर विद्यार्थ्याने हे दस्तऐवज पाठ करायची गरज नाही. एका दस्तऐवजात कर्ता कोण आहे आणि पुढच्यात कोण, एवढं पाहायची सवय लावली तरी निम्मा अभ्यास होतो.

जिथे बहिरेपण लक्षातही राहिलं नाही

सिद्धान्त ऐकून कंटाळलेल्या वर्गाला मी मार्थाज व्हिनयार्ड या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या बेटाची हकिकत सांगते. मानववंशशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांनी १९८५मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. या बेटावर आनुवंशिक बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या होतं. १९व्या शतकात तिथे साधारण दर १५५ माणसांमागे एक जण जन्मतः बहिरा असे. देशभरातलं प्रमाण त्याच्या तुलनेत नगण्य होतं. त्यामुळे बेटावर सर्वांनाच खुणांची भाषा येत असे. ऐकू येणारी माणसंही ती आपसांत वापरत, समुद्रावर एका होडीतून दुसऱ्या होडीशी बोलायला किंवा जिथे बोलणं शोभलं नसतं तिथे.

ग्रोस म्हाताऱ्या माणसांना जुन्या शेजाऱ्यांबद्दल विचारत, तेव्हा उत्तर येई की अमका चांगला मासेमार होता. तो बहिरा होता का, असं मुद्दाम विचारल्यावर मग आठवे, हो, होता खरा. बहिरी माणसं अपंग होती, हे तर त्यांना पटेचना.

कानांची स्थिती तीच, पण भोवतालच्या लोकांना येणारी भाषा बदलली तर अपंगत्व नाहीसं झालं. एवढं सांगून थांबलं तर ही गोड गोष्ट होईल, म्हणून पुढचा प्रश्न वर्गाने विचारलाच पाहिजे: बेटावर हे का घडलं? बहिऱ्यांची संख्या पुरेशी होती, ती अनेक घरांत विखुरलेली होती, आणि एकमेकांशिवाय कोणाचं भागत नव्हतं. सद्‌भावनेपेक्षा लोकसंख्येची रचना आणि कामाची पद्धत इथे जास्त महत्त्वाची ठरली. समाजशास्त्र सुरू होतं ते या टप्प्यावर.

‘सरासरी माणूस’ कुठून आला

विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त हादरवणारा भाग इतिहासाचा असतो. ‘नॉर्मल’ हा शब्द आपण हवा-पाण्यासारखा वापरतो. पण माणसांच्या बाबतीत ‘सर्वसाधारण’ ही कल्पना तशी अलीकडची आहे. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ क्वेटले यांनी १८३५मध्ये ‘सरासरी माणूस’ मांडला. लोकांची उंची, वजन, वागणूक यांची सरासरी काढता येते हे खरं, पण क्वेटले यांच्या लेखी ती सरासरी एक आदर्शही होती. फ्रान्सिस गाल्टन यांनी तिथून उडी मारली. सरासरीच्या एका बाजूची माणसं हवीत आणि दुसऱ्या बाजूची कमी व्हायला हवीत, असं म्हणणाऱ्या ‘सुप्रजननशास्त्रा’ला त्यांनी १८८३मध्ये नाव दिलं.

या कल्पनेचं पुढे काय झालं ते न्यायालयाच्या निकालांत आणि सरकारी नोंदींत सापडतं. १९२७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, कॅरी बक या तरुण स्त्रीच्या खटल्यात, ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या व्यक्तींची सक्तीने नसबंदी करणारा कायदा वैध ठरवला. नाझी जर्मनीत १९३९ ते १९४१ या काळात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाललेल्या एका कार्यक्रमात ७०,०००हून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसांना ठार मारण्यात आलं. त्यानंतरही वेगळ्या मार्गांनी हत्या सुरूच राहिल्या. माणसं निवडली गेली ती फॉर्मवरून. डॉक्टर कागद वाचून खूण करत, बहुतेकदा माणसाला न पाहता.

म्हणून या अभ्यासात फॉर्मकडे इतकं बारकाईने पाहिलं जातं. कोणतंही प्रमाणपत्र, कोणतीही टक्केवारी तटस्थ नसते. राज्यशास्त्राच्या अभ्यासक डेबोरा स्टोन यांनी १९८४मध्ये दाखवून दिलं की अपंगत्व हा शासनासाठी एक प्रशासकीय कप्पा आहे. समाजात पैसा दोन प्रकारे वाटला जातो, कामाच्या मोबदल्यात आणि गरजेनुसार. कोणाला काम न करताही मदत मिळावी हे ठरवायला सरकारला कुंपण लागतं. ते कुंपण घालण्याचं काम डॉक्टरांकडे येतं, आणि तिजोरीच्या सोयीनुसार ते पुढे-मागे सरकतं. माणसाचं शरीर तेच असताना तो एका वर्षी अपंग आणि पुढच्या वर्षी नाही, हे कसं होतं याचं उत्तर इथे आहे.

पैशाचाच विषय निघाला आहे तर अमर्त्य सेन यांचा एक मुद्दा. अपंग माणूस कमी कमावतो हे सगळ्यांना दिसतं. सेन म्हणतात, अडचण दोन ठिकाणी आहे: कमावण्यात, आणि कमावलेल्याचं आयुष्यात रूपांतर करण्यात. तेवढ्याच पैशात त्याला प्रवासाला, मदतनीसाला, उपकरणांना जास्त मोजावं लागतं. विबके कुक्लिस यांनी ब्रिटनसाठी केलेली आकडेमोड सेन देतात. एकूण १७.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत होते. अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांपुरतं पाहिलं तर हा आकडा २३.१ टक्के झाला, आणि हा वाढीव खर्च धरला तेव्हा ४७.४ टक्के. गरिबी मोजणाऱ्या नेहमीच्या फुटपट्टीला त्यातला मोठा भाग दिसतच नव्हता.

मोजण्याबद्दल थोडक्यात आणखी एक. ‘तुमच्या घरी कोणी अपंग आहे का?’ असं विचारलं की उत्तर बहुधा ‘नाही’ येतं, कारण शब्दाला लाज चिकटलेली असते. २००१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने सहा प्रश्नांचा संच तयार केला. पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची काळजी घेणं आणि संवाद साधणं, यात किती अडचण येते? अपंगत्व हा शब्दच त्यात नाही. जगात १३० कोटी, म्हणजे १६ टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

चळवळीतल्या बायकांनी घेतलेले आक्षेप

पदवीच्या पातळीवर सामाजिक प्रारूप शिकवून थांबलं तर चालतं. पदव्युत्तर पातळीवर त्याच्याशी झगडावं लागतं.

पहिला आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आक्षेप आतून आला. जेनी मॉरिस, लिझ क्रो या चळवळीतल्याच अपंग स्त्रिया. १९९०च्या दशकात त्यांनी विचारलं: सगळे अडथळे काढले तरी माझं दुखणं राहतं, थकवा राहतो. त्याबद्दल बोलायचं नाही का? चळवळीत वेदनेबद्दल बोलणं म्हणजे विरोधकाच्या हातात कोलीत देणं, असं मानलं जात होतं. ‘बघा, अडचण शरीरातच आहे’ असं कोणी म्हणेल या भीतीने माणसं आपल्याच सभेत आपलं दुखणं गिळत होती. क्रो यांनी सांगितलं की हे मौन आपल्यालाच महाग पडतं.

समाजशास्त्रज्ञ कॅरल थॉमस यांनी यावर उपयोगी मांडणी केली. क्षतीचे स्वतःचे परिणाम असतात, ते मान्य करू. पण त्याबरोबर एक तिसरी गोष्टही असते: रोखून बघणारी नजर, कीव, ‘तुझं लग्न कसं होणार’ हा सूर. हे अडथळे विटा-सिमेंटचे नसतात, ते माणसाला आतून आकसायला लावतात. रॅम्प बांधून ते जात नाहीत.

समाजशास्त्रज्ञ टॉम शेक्सपियर यांची टीका आणखी पुढे जाते. क्षती आणि अपंगत्व यांच्यातली रेघ इतकी स्वच्छ काढताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ऑलिव्हर यांचं उत्तर साधं होतं. सामाजिक प्रारूप हा सगळं समजावून सांगणारा सिद्धान्त कधी नव्हताच, ते एक हत्यार आहे, हातोडीसारखं. वापरा.

माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, पण वेगवेगळ्या जागी. कायदा बदलायला जाताना हातोडी हवी. मुलाखतीत समोरची बाई आपल्या रात्रीच्या वेदनांबद्दल बोलू लागली, की हातोडी खाली ठेवून ऐकता आलं पाहिजे. जो विद्यार्थी तिला थांबवून ‘पण समाजातल्या अडथळ्यांबद्दल सांगा’ म्हणतो, त्याने ऑलिव्हर वाचला आहे पण त्या सरकारी पाहणीवाल्यांचीच चूक तो दुसऱ्या टोकाने करतो आहे.

दुसरा आक्षेप जगाच्या नकाशावरून येतो. सामाजिक प्रारूप श्रीमंत, शहरी, औद्योगिक देशांत घडलं. हेलन मीकोशा यांच्यासारख्या अभ्यासकांनी विचारलं की युद्ध, भूसुरुंग, वसाहतवाद आणि धोकादायक कारखाने यांतून जी क्षती निर्माण केली जाते तिचं काय? ‘क्षती हा माणसाच्या वैविध्याचाच भाग आहे, तिच्यात वाईट काही नाही’ असं म्हणताना, ती लादणाऱ्याला जबाबदार कसं धरायचं? भूसुरुंगाने पाय गेलेल्या माणसाचा सन्मान आणि भूसुरुंगाचा निषेध एकाच वाक्यात कसा करायचा, यावर मी अजून एकही सोपं उत्तर वाचलेलं नाही. प्रबंधासाठी हे ठिकाण फार सकस आहे.

कर्णबधिर समुदायातले अनेक जण तर म्हणतात, आम्हाला या चर्चेत ओढूच नका, आम्ही भाषिक अल्पसंख्याक आहोत. १९६०मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आहे हे दाखवून दिल्यापासून त्या दाव्याला भाषाशास्त्राचाही आधार आहे.

संशोधन कोणाचं?

आता पुन्हा पॉल हंट यांच्याकडे. इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात ‘ल कोर्ट’ नावाची निवासी संस्था होती, हंट तिथे राहत. आपल्या रोजच्या जगण्याच्या निर्णयांत आपलं म्हणणं चालावं यासाठी रहिवासी झगडत होते. १९६०च्या दशकात त्यांनीच संशोधकांना बोलावलं. आपली बाजू पुराव्यानिशी मांडली जाईल, ही आशा. एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन हे संशोधक आले, त्यांनी अभ्यास केला आणि १९७२मध्ये पुस्तक काढलं. त्यात म्हटलं होतं की संस्थेत दाखल होणारी माणसं समाजाच्या लेखी मेलेलीच असतात. या सामाजिक मृत्यूपासून प्रत्यक्ष मृत्यूपर्यंतचा प्रवास सुसह्य करणं हे संस्थेचं काम. अशा संस्था असाव्यातच का, हा प्रश्न त्यांनी घेतला नाही.

रहिवाशांना विश्वासघात झाल्यासारखं वाटलं. हंट यांनी एक जळजळीत लेख लिहिला आणि त्या संशोधकांना बांडगूळ म्हटलं. तटस्थतेचा दावा करून हे लोक व्यवस्थेच्या बाजूने उभे राहिले आणि आमच्या जगण्यावर स्वतःची कारकीर्द पोसली, असा त्याचा आशय. १९७९मध्ये हंट गेले. लेख छापून आला १९८१मध्ये.

हा लेख मी प्रत्येक तुकडीला वाचायला लावते, आणि तो वाचून अस्वस्थ न होणाऱ्याने संशोधनाला घाई करू नये असं मला वाटतं. ऑलिव्हर यांनी १९९२मध्ये ‘मुक्तिदायी संशोधना’ची कल्पना मांडली ती याच वाटेने. विषय कोण ठरवतं, पैसा कोणाकडून येतो, प्रश्न कोण लिहितं, निष्कर्षांवर हक्क कोणाचा आणि अभ्यास संपल्यावर कोणाचं काय बदललं, हे त्यातले कळीचे प्रश्न. अपंग लोकांना सल्लागार समितीत एक खुर्ची दिली की हे साधत नाही.

दोन वर्षांच्या विद्यार्थ्याला हे सगळं जमणार नाही, हे उघड आहे. पदवी त्याला मिळते, नाव त्याचं लागतं. पण प्रश्न कसा घालायचा हे तर त्याच्या हातात असतं. समाजकार्य, कायदा, शिक्षणशास्त्र, वास्तुरचना, फिजिओथेरपी, साहित्य अशा कुठल्याही शाखेतून विद्यार्थी येतात आणि बहुतेकांचा पहिला विषय ‘अमुक व्यक्तींच्या समस्या : एक अभ्यास’ असा असतो. मी तो परत देते. ‘दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील अडचणी’ याऐवजी, पेपर तीन तासांचा असावा हे ठरवताना कोणाचा वाचण्याचा आणि लिहिण्याचा वेग गृहीत धरला होता? असं विचारलं की मुलाखतीला बसणारी माणसंच बदलतात. विद्यार्थ्यांबरोबर परीक्षा विभागातले अधिकारीही येतात, जुनी परिपत्रकं येतात. ‘अपंग मुलांच्या पालकांवरील ताण’ हा दुसरा आवडता विषय. ताण मोजायला आधीच छान तयार मोजपट्ट्या आहेत. पण ताण मुलामुळे येतो, की एका प्रमाणपत्रासाठी पाच खिडक्यांवर उभं राहिल्यामुळे, हे त्या मोजपट्टीला कळत नाही. पालकांनी एका महिन्यात कुठे कुठे किती वेळ वाट पाहिली याची रोजनिशी ठेवायला सांगा. वेगळाच प्रबंध हाती येतो.

क्षेत्रकामात पुस्तकातलं बरंच कोसळतं. प्रश्न मुलीला विचारलेला असतो, उत्तर तिची आई देते. आईला बाहेर जायला सांगायचं कसं, आणि मुलीला खुणांनी किंवा अक्षरफलकावर उत्तर द्यायला वीस मिनिटं लागणार असतील तर आधी ठरवलेल्या ‘४५ मिनिटांच्या मुलाखती’चं काय करायचं? संमतिपत्र दोन पानी, बारीक अक्षरात, वकिली भाषेत. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाने त्यावर सही केली तर ती संमती झाली का? माझा आग्रह असतो की संमतिपत्र छोट्या वाक्यांत, चित्रांसह, पुन्हा लिहायचं. एकदा वाचून दाखवायचं, दोन दिवसांनी परत जाऊन विचारायचं. अशाने १५ मुलाखतींऐवजी ७ होतात. होऊ देत.

वर्गाचीही हीच परीक्षा असते. वाचायला दिलेले लेख जुन्या पुस्तकांचे स्कॅन केलेले फोटो असतील तर स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात एक अक्षरही सापडत नाही. मी स्वतः असे लेख काही वर्षं वाटत होते. एका विद्यार्थ्याने महिनाभर मित्राकडून वाचून घेतले आणि मग मला सांगितलं. आता सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक फाइल तपासते. सगळ्यांना तीच मुदत देण्याबद्दलही मला पूर्वी जितकी खात्री होती तितकी आता नाही.

प्रबंध बांधून दिला की काम संपत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यापर्यंत तो त्यांना वाचता, ऐकता किंवा पाहता येईल अशा रूपात न्यायचा, आणि तोही सादर करण्याआधी. गेल्या तुकडीतल्या एका विद्यार्थिनीने व्हीलचेअर वापरणाऱ्या तीन स्त्रियांना आपला मसुदा वाचून दाखवला. एका प्रकरणाचं नाव होतं ‘दैनंदिन कामांसाठीचे अवलंबित्व’. त्यातली एक जण म्हणाली, आम्ही कोणावर अवलंबून आहोत असं नको लिहू, आम्हाला थांबावं लागतं असं लिही. लिफ्ट चालू व्हायची, कोणी दार उघडायची, बस थांबायची. दुसऱ्या दोघींनीही तेच सांगितलं. विद्यार्थिनीने नाव बदललं, ‘थांबणं’. मग तिच्या लक्षात आलं की नव्या नावाखाली जुनं प्रकरण बसत नाही, आणि सादर करायला तीन आठवडे उरलेले असताना तिने ते पहिल्यापासून लिहायला घेतलं.